पेन्सिल सेलचा हिशेब

घरात जी काही वीज वापरली जाते, तिच्यात सर्वांत महाग वीज सेलमधली. घड्याळात किंवा खेळण्यात बसणारा साधा पेन्सिल सेल जेमतेम एक वॅट-तास वीज देतो. असे एक हजार सेल जमवले, तर महावितरणच्या मीटरवर पडणाऱ्या एका युनिटाएवढी वीज हाती येते. सेल बारा रुपयांचा धरला, तर हे युनिट बारा हजार रुपयांना पडले. चांगला अल्कलाइन सेल सुमारे तीन वॅट-तास देतो. तो पंचवीस रुपयांचा धरला तरी युनिटाचा भाव आठ हजारांच्या पुढे जातो. मीटरची वीज दहा रुपयांच्या आसपास मिळत असताना कोणी आठ-बारा हजारांची वीज का घ्यावी, असा प्रश्न पडतो. रिचार्जेबल सेलची जाहिरात नेमक्या याच प्रश्नावर उभी असते.

उत्तर मात्र जाहिरातीइतके सरळ नाही. सेलची वीज महाग असली, तरी ती लागते किती, हे आधी पाहावे लागते. केशर दर तोळ्याला कितीही महाग असले, तरी त्यापायी कोणाचे दिवाळे निघत नाही. घरातल्या बहुतेक सेलची गोष्ट तशीच आहे.

जालन्यात १७२५ साली बांधलेल्या गढीवरून ज्या भागाला मस्तगड नाव पडले, तिथल्या एखाद्या मध्यम घरातले सेल मोजले तर काय निघेल? भिंतीवरची दोन-तीन घड्याळे. टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा आणि असलाच तर एसीचा रिमोट. न्हाणीघरात गॅस गीझर, त्याच्या खालच्या कप्प्यात दोन मोठे सेल. वडीलधारे असतील तर रक्तदाब मोजायचे यंत्र. मुले लहान असतील तर दोन-चार खेळणी. शेताशी संबंध असेल तर एक दणकट बॅटरी, म्हणजे विजेरी. शेजारच्या इमारतीत यादी थोडी इकडेतिकडे होईल, पण जातकुळी हीच. यातली प्रत्येक वस्तू विजेला वेगवेगळी भुकेली असते, आणि रिचार्जेबलचा सगळा नफा-तोटा या भुकेवर ठरतो.

भिंतीवरचे घड्याळ सर्वांत अल्पाहारी. टिकटिक करणारे क्वार्ट्झचे यंत्र सरासरी मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाइतका प्रवाह घेते. वर्षाचे तास ८,७६० होतात. म्हणजे वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिअँपिअर-तास. साध्या कार्बन-झिंक सेलची, त्याला असे अगदी सावकाश वापरले तर, ऐपत जवळपास एवढीच असते. त्यामुळे वर्षाला एक सेल हे घराघरांतले गणित आपोआप जुळून आले आहे. या घड्याळात दोनशे रुपयांचा रिचार्जेबल सेल घातला, तर तो बारा रुपयांच्या सेलची जागा वर्षातून एकदा घेईल. नुसत्या सेलचे पैसे फिटायला सोळा-सतरा वर्षे लागतील, चार्जरचे वेगळेच. रिचार्जेबल सेल कितीही जपला तरी साधारण पाच ते सात वर्षांत म्हातारा होतो. घड्याळापुरता निकाल इथेच लागला.

रिमोटचेही तेच. बटण दाबल्यावर क्षणभर थोडा प्रवाह जातो, एरवी तो निजलेला असतो. दोन बारीक सेल वर्ष-दीड वर्ष जातात. तीन घड्याळे आणि तीन रिमोट असलेल्या घराला वर्षाला फार तर नऊ सेल लागतात. बाराच्या भावाने १०८ रुपये झाले. एवढ्या खर्चात बचत करायला दीड हजार रुपये गुंतवणे हा व्यवहार नव्हे, हौस आहे.

आता खेळणी. मोटार असलेली गाडी अर्धा ते एक अँपिअर प्रवाह ओढते, म्हणजे घड्याळाच्या हजारो पट. इथे सेलच्या जातीचा फरक उघडा पडतो. कार्बन-झिंक सेलला अंतर्गत रोध मोठा. जोरात ओढले की त्याचा दाब लगेच पडतो आणि आत रसायन शिल्लक असूनही गाडी थांबते. त्याच्या अंगच्या विजेतला निम्मा भागसुद्धा हाती लागत नाही. अल्कलाइन सेल बरा टिकतो, पण त्याचीही क्षमता जोराच्या वापरात बरीच घटते. निकेल-मेटल हायड्राइड जातीचा रिचार्जेबल सेल इथे दोघांना मागे टाकतो. त्याचा अंतर्गत रोध फार कमी असल्यामुळे तो भरलेली बहुतेक वीज त्याच जोमाने परत देतो. एकदा चार्ज केलेले चार सेल साध्या सेलच्या दोन-तीन संचांचे काम करतात.

पैशांत मांडले तर असे. चार रिचार्जेबल सेल आठशेचे आणि बऱ्यापैकी चार्जर सातशेचा धरू; एकूण दीड हजार. बाजारभाव दुकानागणिक बदलतो, हे आकडे हिशेबापुरते. एका चार्जिंगमुळे अल्कलाइनचा शंभर रुपयांचा संच किंवा साध्या सेलचे ४८ रुपयांचे दोन संच वाचतात. म्हणजे पंधरा वेळा चार्ज केले की मुद्दल वसूल. खेळणे रोज हातात असेल आणि आठवड्याला सेल संपत असतील, तर चार महिन्यांत. वाढदिवसाला आलेली गाडी महिन्याभरात माळ्यावर गेली, तर कधीच नाही. मुलांच्या खेळण्यांबाबत दुसरी शक्यता अधिक, हे कोणत्याही घरातला माळा सांगेल.

चार्ज करायला लागणारी वीज या हिशेबात धरलेली नाही, कारण ती धरण्याजोगी नाही. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा सेल १.२ व्होल्टला २.४ वॅट-तास साठवतो. चार्जरमध्ये वाया जाणारी धरून भिंतीतून चार-पाच वॅट-तास जातात. एका युनिटात असे दोनशे सेल चार्ज होतात. युनिट दहा रुपयांचे म्हटले तरी एका सेलला पाच पैसे. खरा खर्च सेलच्या खरेदीचा. दोनशे रुपयांचा सेल आयुष्यात तीनशे वेळा चार्ज झाला तर दर खेपेला सत्तर पैसेही पडत नाहीत. दहाच वेळा झाला तर खेप वीस रुपयांना पडते, आणि या भावाने त्याची वीज अल्कलाइनइतकीच महाग होते. वेष्टनावर पाचशे, हजार, कधी दोन हजार वेळा चार्ज होण्याची ग्वाही असते. ती प्रयोगशाळेतल्या सौम्य चाचणीची असते. घरात बहुतेक सेल तेवढ्या खेपा गाठण्याआधी वयानेच थकतात.

एकदा वापरून टाकायचा सेल हा जुना माणूस आहे. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडचा ओला घट बनवला. १८८० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी त्यातले द्रव लगद्यात बांधून त्याला ‘सुका’ केले. आजचा स्वस्त सेल मुळात तोच. अल्कलाइन सेल १९५० च्या दशकात लुईस अरी यांच्या हातून बाजारात येण्याजोगा झाला. भारतात एव्हरेडीच्या जोडीला नेल्लोरचा निप्पो, वडोदऱ्याचा नोविनो आणि मुंबईत धारावीत बनणारा एस्ट्रेला ही नावे घरोघरी पोचली ती ट्रान्झिस्टर आणि विजेरीमुळे. त्या काळी सेल ही जपून वापरायची वस्तू होती. संपत आलेले सेल उन्हात ठेवून त्यांच्याकडून आणखी दोन दिवस बातम्या वसूल केल्या जात. त्यात अंधश्रद्धा नव्हती. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग धरते आणि विश्रांती मिळाल्याने दाब किंचित सावरतो. नवी वीज मात्र तयार होत नाही. पार संपलेला सेल फोडून मुले मधली कार्बनची कांडी काढत, आणि आतल्या काळ्या भुकटीने शाळेचा फळा सारवला जाई.

रिचार्जेबलचे घराणेही तसे जुने. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम सेल बनवला. त्यातला कॅडमियम विषारी. शिवाय अर्धवट वापरून पुन्हापुन्हा चार्ज केल्यास क्षमता घटल्यासारखी वाटण्याची खोड त्याला चिकटली. रिचार्जेबल सेल पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये, हा समज त्याच काळातला. १९९० च्या सुमारास निकेल-मेटल हायड्राइड सेल आले आणि ही खोड जवळपास गेली. त्यांची अडचण वेगळी होती: चार्ज करून नुसते ठेवले तरी महिन्याभरात पाव हिस्सा वीज आपोआप झिरपून जाई. २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ नावाने ही गळती बरीच आवरलेला सेल आणला. या जातीचा सेल वर्षभर पडून राहिला तरी बहुतांश वीज धरून असतो. आज अनेक कंपन्या असे सेल ‘चार्ज करूनच’ विकतात. वेष्टनावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ लिहिलेले असले की तो सेल साधारण या जातीचा समजावा. घरगुती वापराला घ्यायचे तर हेच.

रक्तदाबाचे यंत्र घड्याळ आणि खेळणे यांच्या मधले. पट्टा फुगवणारा पंप सेलवर बराच भार टाकतो, पण एका वेळी अर्धाएक मिनिटच. अल्कलाइनच्या एका संचावर यंत्रागणिक शेकडो मोजमापे होतात. दिवसातून दोनदा रक्तदाब पाहणाऱ्या घराला वर्षाला दोन-तीन संच लागले, तर खर्च दोनशे-तीनशे रुपये. रिचार्जेबलचे पैसे फिटायला पाच-सहा वर्षे. बहुतेक यंत्रांना अडॅप्टर जोडायची सोय असते. पैशांच्या दृष्टीने तोच उपाय सरस, आणि पुष्कळ घरांत त्या छिद्राकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते.

गॅस गीझरमधले दोन मोठे सेल ठिणगी पाडण्यापुरते असतात आणि काही महिने पुरतात. इथे रिचार्जेबलचा मोह टाळलेला बरा. एक तर त्या आकाराचे खरे सेल महाग. स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ मोठ्या सेलच्या पोटात पेन्सिल सेलच बसवलेला असतो, हातात घेतला की हलका लागतो. दुसरे म्हणजे रिचार्जेबलचा दाब १.२ व्होल्ट, साध्याचा १.५. दोन सेल मिळून तीनऐवजी २.४ व्होल्ट होतात, आणि काही गीझर तेवढ्यावर पेट घेताना अडखळतात. बहुतेक आधुनिक उपकरणे एका सेलमागे एक व्होल्टपर्यंत चालावीत अशी बनवलेली असतात. साधा सेलही वापराच्या उत्तरार्धात १.२ च्या खालीच असतो. त्यामुळे दाबाचा हा फरक सर्रास अडचण करत नाही. पण सेलची पातळी दाखवणारे यंत्र मात्र नुकताच चार्ज केलेला सेलही ‘अर्धा’ दाखवते.

विजेरीचा हिशेब घरात वेगळा आणि शेतात वेगळा. कृषिपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते; रात्रपाळीच्या आठवड्यात पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याची बॅटरी तीन-चार तास जळते. एक वॅटचा एलईडी तीन तास म्हणजे तीन वॅट-तास. दोन मोठे कार्बन-झिंक सेल मिळून साधारण बारा वॅट-तास देतात, म्हणजे चार रात्री. सेल पंचवीसला एक धरला तर रात्रीचे बारा-साडेबारा रुपये. महिन्यात दहा रात्री गेल्या तरी सव्वाशे रुपये होतात, आणि पाचशे रुपयांची चार्जिंगची बॅटरी चार महिन्यांत, म्हणजे एका रब्बी हंगामात, पैसे फेडते. शेतकऱ्यांनी हा हिशेब कागदावर न मांडताच केला; खेड्यापाड्यांच्या बाजारात आज सेलच्या विजेऱ्यांपेक्षा चार्जिंगच्या विजेऱ्याच अधिक दिसतात. त्यांतल्या स्वस्त विजेऱ्यांत शिशाची छोटी बॅटरी असते. ती रिकामी ठेवली की तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार बसून ती कायमची मरते. पावसाळ्यात चार महिने कोनाड्यात पडलेली विजेरी दिवाळीला पेटत नाही, त्याचे कारण हे. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावणे एवढाच त्यावर उपाय. लिथियमचा बदलता येणारा सेल असलेली विजेरी महाग पडते, पण सेल गेला म्हणून सगळी विजेरी टाकावी लागत नाही.

घरात केवळ वीज गेल्यावर लागणारी विजेरी मात्र अल्कलाइनवर ठेवावी. हे सेल पाच ते दहा वर्षे पडून राहिले तरी दगा देत नाहीत. फक्त ते विजेरीच्या आत न ठेवता शेजारी ठेवावेत.

रिचार्जेबल सेलचा सर्वांत चोख उपयोग महाराष्ट्रात दिसतो तो कीर्तनाच्या मंडपात. कॉर्डलेस माइकमध्ये सहसा दोन पेन्सिल सेल असतात आणि ते दहाएक तास पुरतात. पण बुवांचा आवाज ऐन निरूपणात जाऊ नये म्हणून ध्वनिक्षेपकवाला दर कीर्तनाला नवे सेल घालतो, आणि दोन-तीन तास वापरलेले, निम्म्याहून अधिक भरलेले सेल बाजूला पडतात. सप्ताहाच्या सात दिवसांत असे किती सेल जातात ते पाहिले, म्हणजे इथे बचत विजेची नसून खात्रीची आहे हे कळते. रिचार्जेबल सेल अर्धवट असतानाही रात्री चार्जरला लावता येतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पूर्ण असतो. लग्नसराईत काम करणारे छायाचित्रकार फ्लॅशसाठी याच कारणाने फार पूर्वी रिचार्जेबलकडे वळले. शिवाय त्यांचा फ्लॅश दुसऱ्या चमकीसाठी लवकर तयार होतो.

बचत बुडवणारी वस्तू बहुधा सेल नसते, चार्जर असतो. दोनशे-अडीचशे रुपयांचा साधा चार्जर सेल भरला की नाही हे पाहत नाही. प्लगमध्ये असेपर्यंत प्रवाह ढकलत राहतो. रात्रभर लावून विसरले की सेल तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. दुसरा दोष जोडीचा: असे चार्जर दोन सेल एकत्रच भरतात, त्यामुळे एक अर्धा आणि एक रिकामा असेल तर पहिला जादा भरतो, दुसरा अपुरा राहतो. प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा असलेला आणि भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर दोन-तीनशे रुपयांनी महाग असतो. सगळ्या खरेदीत हेच पैसे लवकर वसूल होतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, पत्र्याच्या खोलीत भर दुपारी चार्ज केलेला सेल पुरता भरतही नाही आणि झिजतोही. चार्जिंग रात्री किंवा पहाटे करावे. नवा आणि जुना, किंवा दोन वेगळ्या जातींचे सेल एका उपकरणात घालू नयेत. दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलत राहून त्याला संपवतात. साधे किंवा अल्कलाइन सेल चार्जरमध्ये मुळीच घालू नयेत. ते गळतात, क्वचित फुटतातही.

वेष्टनावरच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पेन्सिल सेलच्या आकारात निकेलची वीज २,७०० मिलिअँपिअर-तासांच्या फार पलीकडे बसत नाही; बारीक सेलमध्ये हजाराच्या आसपासच. त्यावर साडेतीन-चार हजार छापले असेल तर ते फक्त छापलेले असते. अलीकडे सी-टाइप वायरने थेट चार्ज होणारे लिथियमचे पेन्सिल सेल आले आहेत. त्यांत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आणि दाब १.५ व्होल्टवर आणणारी छोटी चकती असते. गीझरसारख्या दाबाला हळव्या उपकरणांत ते चालून जातात, चार्जरही वेगळा लागत नाही. पण त्यांच्यावरचा मोठा आकडा मिलिवॅट-तासांचा असतो. तीन हजार मिलिवॅट-तास म्हणजे दीड व्होल्टला दोन हजार मिलिअँपिअर-तासच. ते पूर्वसूचना न देता एकदम बंद पडतात, आणि त्या चकतीमुळे मीडियम वेव्हच्या रेडिओत खरखर येऊ शकते.

स्वस्त सेलचाही एक छुपा खर्च आहे. त्याचे जस्ताचे कवच हेच रसायनात खर्ची पडते. सेल संपत आला की ते पातळ होऊन भोक पडते आणि आतला द्रव रिमोटच्या स्प्रिंगा खातो. बारा रुपयांच्या सेलपायी तीनशेचा रिमोट जातो. घड्याळ बंद पडले की सेल त्याच दिवशी काढावा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद राहणाऱ्या घरातल्या रिमोटचे सेल काढून ठेवावेत. त्याच्या उलट एक नफाही आहे: खेळण्याने ‘संपला’ म्हणून टाकलेला सेल घड्याळाच्या अल्प भुकेला आणखी काही आठवडे, कधी काही महिने पुरतो. घरातली घड्याळे अशी उतरत्या सेलवर चालवली तर त्यांचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. फक्त गळतीकडे लक्ष हवे.

ज्या घरात वर्षाला वीस-पंचवीस सेलही विकत आणले जात नाहीत, त्याला रिचार्जेबल परवडत नाही. जिथे एकच उपकरण महिन्याला दोन-तीन संच खाते, तिथे त्या एका उपकरणापुरते घ्यावेत. सगळ्या घराचे सेल बदलण्याची गरज नसते. चाळीस-पन्नास सेलांच्या मधल्या पट्टीत पैशांचा फरक इतका थोडा पडतो की कचरा किती होतो हे पाहून ठरवले तरी चालते.

कचऱ्याचा कायदा आता स्पष्ट आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले सेल घरगुती घातक कचऱ्यात धरले. २००१ चे बॅटरी नियम केवळ शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सगळ्या जातींचे सेल कक्षेत घेतले, ते गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि ग्राहकाने ते इतर कचऱ्यात मिसळू नयेत असे सांगितले. फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह त्यासाठीच असते. जालना हे पोलादाच्या भट्ट्यांचे गाव, लोखंडाच्या भंगाराला इथे भाव आहे. पण संपलेल्या पेन्सिल सेलला भंगारवाला हात लावत नाही. सेल प्लॅस्टिकच्या बरणीत साठवून घातक किंवा इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या संकलनात द्यावेत. लिथियमच्या आणि चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, नाहीतर बरणीत एकमेकांना टेकून ते पेट घेऊ शकतात. वजनकाट्यातले आणि चावीच्या रिमोटमधले बटन सेल या बरणीतही मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत. गिळलेला लिथियमचा बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजते. तशी शंका जरी आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.